एस एकसष्ट पॉइंट

सिंदेवाहीच्या दवाखान्यात मी बिलं बनवतो.
दुर्पताबाई गटलेवार, तीन टाके.

स्क्रीन विचारते : उजवा अंगठा की डावा?
नख गेलं की वाचलं?
आत काही राहिलंय?
ती म्हणते, "कुसळ असंल बारीक. राह्यतेच."

कशानं झालं : यादी उघडते.
काच, कुत्रा, लिफ्टचं दार,
समुद्रातला मासासुद्धा आहे.
बांबू सोलायची सुरी नाही.
मी 'इतर'वर टिचकी मारतो.
माझ्या घरचं सूप
तिच्याच हातचं, हे कुठं भरायचं
तेवढं विचारत नाही कुणी.

योजनेत बसायचं तर मशीनवर अंगठा.
ती पट्टीवालाच पुढं करते,
हसते, मग डावा टेकवते.
लाल दिवा.
पदराला पुसून पुन्हा. लाल.
चाळीस वर्षं बांबू ओढून
रेषाच उरल्या नाहीत बोटावर.
"मले ओयखत नाही का हे, बाप्पा?"

रोख, एकशे ऐंशी, मी लिहितो.
कमरेची पिशवी ती दातांनी सोडते
अन् नोटा मोजते चार बोटांनी,
अंगठा वेगळा, उभा धरून,
सगळं बरं चाललंय
म्हणावं तसा.