पुढची किनार

आधी चहा घ्या, चन्नवीरशेठ. घाई ट्रॅकवर करा.
तौफिक, ते चारी टायर हिकडं आडवे टाक,
सावलीत. उन्हात रबर खोटं बोलतंय.

हं. मागचे दोन बघा, अजून बोटाला नवेपणा लागतोय.
आणि पुढचे?
बाहेरची किनार पार दोऱ्यापर्यंत गेली,
आतल्या बाजूची रबराची केसंसुद्धा शाबूत.
कोइमतूरच्या दर वळणाला
गाडी नाक काढून सरळ पळत होती ना?
तुम्ही स्टेअरिंग आणखी पिळत होता ना?
सांगू नका. हितं लिहिलंय.

आणि तुम्ही म्हणताय, मागं तीनशेपाच टाका.
दिसंल झकास.
पानाच्या टपरीवरून मागनं बघणाऱ्याला लई आवडंल.
पण दुखतोय गुडघा,
आणि पट्टा कमरेला?

एकोणीस वर्षं मागावर जॉबर होतो, अक्कलकोट रोडला.
डावा कान तिथंच ठेवून आलो.
तुमच्या इंजिनाचा आवाज मला अर्धाच येतो,
लोक म्हणतात भारी आहे, असंल.
चादरीचा काठ आत ओढला की
पोरं काठालाच शिव्या घालायची.
मी धोट्यात हात घालून
बाण्याचा ताण बघायचो.
किनार एकटी कधी बिघडत नाही, शेठ.
ती फक्त आधी सांगते.

म्हणून काल गाडी मार्केट यार्डाच्या काट्यावर नेली.
रागावू नका, हळूच नेली.
पुढं कांद्याचा ट्रक, मागं कांद्याचा ट्रक,
मधे तुमची निळी, पोट जमिनीला टेकवून.
काट्यावरचा सिद्धप्पा म्हणाला, किती पोती?
मी म्हणलो, आधी सगळी तोल,
मग नुसती पुढची चाकं.
अठराशे नव्वद.
पुढं एक हजार चाळीस.
पावती आहे. मालाच्या रकान्यात
त्यानं सवयीनं कांदा लिहिलाय.

एवढं ओझं पुढं,
आणि टायर तिथंच बारीक.
कंपनीनं केलं ते रस्त्यासाठी केलं,
तुम्ही रस्त्यावरचे राहिला नाहीत.

आता ऐका, मग भांडा.
चारी कोपऱ्यांना एकच माप,
दोनशे पंचाहत्तर, पस्तीस, अठराचा रिम, साडेनऊ इंच रुंद.
परवा रात्री एक पुढं घालून बघितला,
पूर्ण वळवला की आतलं प्लास्टिक बोटभर घासतंय.
तेवढं गरम करून मागं दाबतो.
चारी सारखे, म्हणजे पुढचा दमला की मागं जाईल.
खर्च वाचत नाही फार.
रडणं वाचतं.

कॅम्बर पुढं उणे अडीच.
उभ्या गाडीची चाकं डोकं आत घालून बसल्यासारखी दिसतील.
कुणी विचारंल, कुठं धडकली?
धडकली म्हणा.
वळणात ते एकोणीस क्विंटल एका अंगावर आलं
की तेव्हा ती ताठ उभी राहतील,
आणि ते बघायला टपरीवरचं कुणी नसंल.
टो शून्य ठेवलाय.

हवा मात्र मी हितं भरून देणार नाही.
सोलापूरच्या त्रेचाळीस डिग्रीत मोजलेली हवा
तिकडच्या पहाटे कमी पडती.
तिथं, गार चाकांत, सत्तावीस भरा.
चार फेऱ्या मारा, उतरा, हेल्मेट नंतर काढा,
आधी मोजा. चौतीसच्या वर जेवढी असंल
तेवढी सोडून द्या.
हे जमणार नसंल तर तौफिकला घेऊन जा,
त्याला तसंही जायचंच आहे,
आठवडाभर बूट पुसतंय पोरगं.

मी ट्रॅक कधी बघितला नाही.
बघायची हौसही नाही, खरं सांगतो.
थांबा, खांद्यावर खडूच्या रेघा ओढतोय.
रबर किती लोळलं
ते खडू पुसून सांगतो.
परत येताना चाकं धुऊ नका,
कुणी हौसेनं फडका मारला तर हात धरा.
काळी, खडूची, तशीच आणा.
मला वाचायची आहेत.

आणि ती कांद्याची पावती गाडीतच असू द्या.
वाटेत कुणी अडवलंच,
तर वजन तरी खरं आहे.