खाडाखोड

शहारे सर, ही चावी.
पावसाळ्यात कुलूप अडतं, कडी जरा वर उचलून फिरवा.
डेडस्टॉक मोजून झालाय. खुर्च्या दोन,
एकीचा पाय आखूड, पण चालेल,
बसायला सवड मिळायची नाही.
नकाशा एक. आपल्या जिल्ह्यावर भोक आहे,
पोरांनी आपलं गाव शोधून शोधून पाडलेलं.
घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, लिंबाला टांगलेला.
तो बसच्या वेळेवर वाजवायचा नाही.
साकोलीची बस फाट्यावर येते चार-चाळीसला,
आणि शाळा सुटते पाचला.
ही वीस मिनिटं
बावीस वर्षं माझ्या तळपायांत वळवळली.
कधी कधी जिंकलीसुद्धा.

इथं सही करा.
थांबा, आधी वाचा.
न वाचता सही करायची सवय
आपल्या खात्यात फार लवकर लागते.

आता यादीत नसलेलं सांगते.
खेमराज उईके, चौथीत होता.
तलावाला दुसरा शब्द लिहा, असा प्रश्न;
त्यानं लिहिलं, बोडी.
पुस्तकात होतं जलाशय.
मी फुली मारली, लाल, चांगली ठसठशीत,
आणि संध्याकाळी त्याच बोडीच्या पाळीवरून फाट्याकडे चालत गेले.
शिंगाड्याचे वेल तरंगत होते, एक बगळा उभा होता.
जलाशय कुठंच दिसला नाही.
दुसऱ्या दिवशी पेपर परत मागितला.
लाल शाई पुसत नाही, सर.
फुलीशेजारी गुण लिहिला, खाली सही केली,
खाडाखोड केली की सही करायची, नियमच आहे.
पोरगं त्या सहीकडे
गुणापेक्षा जास्त वेळ बघत राहिलं.

आणि हे कपाट. खालची फळी.
कडा वाळवीनं खाल्लेला हजेरीपट, फेब्रुवारीचं पान.
वरून पाहणी यायची होती. पट कमी दिसला
तर दुसरं पद उचलतील, असं गावात बोललं जात होतं.
दबाव होता म्हणायला बरं वाटतं.
खरं तर मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.
तीन घरं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली,
आणि मी तीन पोरांपुढे महिनाभर
हजर, हजर, हजर.
भुमेश्वरी नेवारे त्या दिवसांत
खम्ममच्या वावरात वाकलेली होती
आणि माझ्या कागदावर पहिल्या रांगेत बसलेली.

ती मार्चअखेर आली.
बोटं तिखटानं सोललेली, पेन्सिल मुठीत धरायची.
म्हणाली, "बाई, मी नोहतो तं का शिकवलं?"

भागाकार शिकवला होता.
पटावर बघितलं तर तिलाही शिकवला होता.

एप्रिलभर मी सव्वासहाच्या बसनं घरी गेले.
ती आणि मी, व्हरांड्यात,
चिंचोके मोजत, वाटत, उरलेले बाजूला ठेवत.
एकदा तिनं विचारलं,
हे उरलेले कोणाचे?
मला उत्तर आलं नाही. बाकी म्हणतात त्याला, एवढंच सांगितलं.

तिला भागाकार आला.
ती अकरावीपर्यंत शिकली, आता लाखांदूरला असते म्हणतात.
हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही,
पटावरचं हजर त्यानं खरं होत नाही.

त्या वेळी खोडायला हवं होतं.
आकडे वर गेले होते, धीर झाला नाही,
मग वर्ष संपलं, मग सवय झाली,
आणि कपाटाची खालची फळी मी उघडेनाशी झाले.

पेन द्या.
तुमचं निळं नको, त्या डब्यात लाल असेल.
हं.
तीन ओळी. बाजूला सही. आजची तारीख घालते,
तेव्हाची घातली तर पुन्हा तेच होईल.

कुणी विचारलं तर माझा पत्ता द्या.
कुणी विचारणार नाही.
तुम्ही मात्र पाहिलंत.

पोरं फाटकाशी आलीत बघा.
जा, ठोका द्या तुम्ही.
जोरात, एकाच जागी.
रूळ आहे तो, फुटत नाही.