खोंगोरची वाळू

चौथी खुंटी तू खाणीवरच विसरलास, नेरगुई,
म्हणून तंबूचा एक कान
मोटारसायकलच्या हँडलला बांधला.
चहात मीठ जास्त, वाळू त्याहून जास्त.

टेकडी चढताना तू दोनदा बसलास,
बूट उपडे केलेस, मला शिव्या घातल्यास:
"इतकी वर्षं इथंच होती ना ही?
आजच बघायची होती?"

पाच वर्षं सुरुंगांच्या शेजारी काढलीस.
आता डावीकडून बोललं की नुसता हसतोस.
तुझ्या आईला हे मी सांगितलेलं नाही.

माथ्यावरून बसून घसरलो आपण,
लहानपणी बर्फावरून घसरायचो तसे,
आणि वाळू बोलायला लागली,
आधी पोटातल्या पोटात,
मग लांबच्या विमानासारखी,
मग अख्खी टेकडीच घुमायला लागली.

मी वळून पाहिलं.
तू मध्येच थांबलेला,
दोन्ही तळवे वाळूत रुतवून,
पिल्लाला जवळ न घेणाऱ्या उंटिणीला
म्हातारी माणसं थोपटत बसतात तसा.
"येतंय," म्हणालास,
"कोपरापर्यंत येतंय."

खाली आलो तर तंबू आडवा,
गाडीसकट.
तू तिकडे पाहिलंसुद्धा नाहीस.
"चल," म्हणालास, "परत चढू."