उरवाईचा चढ

वहिनी हर्णैची.
लग्नाला अकरा महिने झाले
तरी लष्करच्या बोळांतून जाताना
तिचं नाक वाऱ्यात काहीतरी शोधतं.

रविवारी तिला उरवाईनं किल्ल्यावर नेलं.
टेम्पोवाल्यानं वीस रुपये जास्तच घेतले.
मी आपला गाइड झालेला:
या कड्यात कोरलेल्या मूर्ती,
ही सगळ्यांत उंच, तो दरवाजा, पुढे तळी...
तिनं मूर्तींना हात जोडले
आणि थांबली भलत्याच ठिकाणी.
वाटेकडेच्या एका उघड्या दगडावर
बारीक बारीक वळ्या, एकीला लागून एक.

"ओहोटीची वाळू," म्हणाली
आणि चपला काढल्या.

मी आठवीला भूगोल शिकवतो.
वालुकाश्म, उथळ समुद्र, कोट्यवधी वर्षं,
दरवर्षी फळ्यावर लिहितो, पुसतो.
त्यावर पाय कधी ठेवला नव्हता.

खाली ग्वाल्हेर, धुरकट, भोंगे वाजवणारं.
कड्याच्या कडेला घारी कलत होत्या.
साडी घोट्यावर उचलून
ती उन्हात तशीच उभी.

"भावजी, पाणी कधी गेलं म्हणालात?"
मी आकडा सांगितला, शून्यांसकट.
तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.

"मग भरतीची वेळ होत आली असेल."