आधी वेग

तिसऱ्या मजल्यावरची लॅब. कॉम्प्युटर चोवीस,
त्यातले एकोणीस चालू,
आणि पोरं साठ.
एकेका कीबोर्डभोवती तिघं,
मधल्या सुट्टीतल्या कटाचा वास बोटांना अजून.

मी फळ्यावर लोलक काढला.
एक दोरी, एक वजन, खाली जाणारा एक बाण.
"कोन लहान धरा," असं आमचे सर म्हणायचे
आणि आम्ही चार वर्षं लहानच धरला,
कारण मोठ्या कोनाचं गणित
वहीच्या पानात मावत नव्हतं.
आज मी म्हणाले, धरा कितीही मोठा.
नव्वद धरा.
काळाचे तुकडे करा, कांदा चिरतात तसे बारीक,
आणि प्रत्येक तुकड्यात
जोर काढा,
जागा बदला,
वेग बदला.
हेच दहा हजार वेळा त्याच्याकडून करून घ्या,
ते कंटाळत नाही
आणि चहाला जात नाही.

पहिले दोन झोके ठीक.
मग लोलक चढत गेला,
सोडला होता त्याच्याही वर,
आणि बघता बघता गरागरा फिरायला लागला
टपरीवरच्या पंख्यासारखा.
"नाद खुळा!" मागच्या बाकावरून शिट्टी.
वीजबिल वाचलं, म्हणाला कुणीतरी.

आसमा नदाफ हसली नाही.
"मॅडम, ही ताकद कुठनं आली?
ढकललं तर कुणीच नाही."

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. तुकडे अजून बारीक करा.
केले. लोलक चढायचा थांबला नाही,
फक्त सावकाश चढू लागला,
चोरासारखा.

मग ती बोलली, माझ्याकडे न बघता, स्क्रीनकडे बघून.
अब्बा शिरोलीत फौंड्रीत, क्रेनवर.
खाली साखळीला लॅडल, लॅडलमध्ये पातळ लोखंड.
"ते म्हणतात, लॅडल कुठं हाय ते बघून बटण दाबायचं नसतं.
आत्ता कसं चाललंय, ते आधी बघायचं.
मगाचच्या वेगावर हललं, की सांडतं."
सांडलेलं एकदा, त्यांच्या कोपराखाली,
रुपयाएवढं.

तिनं शेवटच्या दोन ओळी उचलून
एकमेकींच्या जागी ठेवल्या.
जोर.
वेग.
मग जागा, ती या नव्या वेगानं.

एवढंच. एक आकडा बदलला नाही,
एक चिन्ह नाही.
लोलक गेला, थांबला, परत आला,
गेला, थांबला, परत आला,
आणि साठजणांच्या लॅबमध्ये
उद्यमनगरातल्या लेथचा आवाज ऐकू यायला लागला.
मला ही अदलाबदल माहीत होती.
नाव, सिद्धता, सगळं.
पण ती भाजते
हे कुठल्या पानावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आसमा लवकर आली.
रात्री घरी लॅपटॉप उघडून दाखवलं होतं तिनं.
अब्बांनी जेवता जेवता पाहिलं, बराच वेळ,
आणि विचारलं,
"वर हूक कुणी तपासला?"

हूक नव्हताच.
फळ्यावर मी एक ठिपका दिला होता
आणि तो कधी तुटणार नाही
असं आम्ही सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं.

तिनं आणखी एक ओळ लिहिली, हुकावरच्या ताणाची.
नव्वद अंशावरून सोडला.
अगदी तळाशी आकडा आला:
वजनाच्या तिप्पट, दोन-तीन दशांश इकडे-तिकडे.
"यंत्रावर विश्वास ठेवू नका, हातानं पडताळा," मी म्हणाले.
साठ पेनं वाकली.
ऊर्जा, वर्तुळ, ताण. चार ओळींत तीन.
आता दशांश नव्हते.

आसमानं तो तीन वहीत लिहिला नाही.
मोबाइलवर टाइप केला,
पाठवला.
दुपारची शिफ्ट. फोन लॉकरमध्ये.
उत्तर रात्री येईल.