कंदील आधी

हरिपूरला परतले तेव्हा सव्वीस वर्षांची होते.
बॅगेत अर्धा प्रबंध,
आईने मोजून ठेवायच्या गोळ्या.

शाळेत पुजारी मास्तर म्हणायचे,
हिच्या डोक्यात प्रश्नांचं पेव फुटलंय.
वर्ग हसायचा. मीही.

अनंताला कड असते का,
आई देवासमोर खोटं का बोलते,
पुढे एकाच सिद्धतेवर नऊ महिने,
आणि मग एका मंगळवारी
शून्यसुद्धा ओळखीचं वाटेना.

सांगलीचे डॉक्टर म्हणाले, विचार कमी करा.
मीठ कमी करा, त्याच सुरात.

चैत्रात बाळगोंडाकाकांनी हळदीचं पेव उघडलं.
माती सारली, फरशी हलवली.
मी वाकले, तर मनगट धरून मागे ओढलं :
"उघडल्या उघडल्या उतरायचं नसतं, पोरी.
आतली हवा मानूस खाती."

दोरीला बांधून कंदील सोडला.
विझला.
काका सावलीला जाऊन तंबाखू मळत बसले.
दुपार कलली. पुन्हा सोडला.
विझला.
त्यांना कसली घाई?
हळद तीन वर्षं अंधारात होती,
कीड नाही, रंग उलट चढलेला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर
ज्योत तळाशी टिकली.
पोती दिसली, भिंतीसुद्धा पिवळ्या.

त्या रात्री वही काढली.
सिद्धतेला हात लावला नाही.
एकच ओळ खाली सोडली, दोरी धरून,
आणि बघत बसले.

विझली.

बरं, म्हटलं.
उद्या.