दिवसातून दोनदा

ल्यूबेन गांचेव्ह यांनी डोळ्यांच्या थेंबांचा खोका
माझ्या काउंटरवर परत आणून ठेवला.
औषध चुकलं का, मी विचारलं.
"औषध बरोबर आहे. पट्टी चुकली."

पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर माझंच अक्षर:
दिवसातून दोनदा.
"हिच्याखाली काय आहे?"
मी खोका उजेडात धरला. काही नव्हतं,
म्हणजे कोरा पुठ्ठा होता.
त्यांनी माझं बोट धरलं, आधी विचारून,
आणि पट्टीच्या कडेवरून सरकवलं.
घामोळ्यासारखे बारीक उंचवटे,
तीन बाहेर, बाकीचे पट्टीखाली गुदमरलेले.
"औषधाचं नाव आहे ते. शिकतोय मी, अडखळत.
आणि तुम्ही त्याच्यावर झाकण घालता."

सहा वर्षं मी या दुकानात आहे.
दिवसाला किती खोके, हा हिशेब
त्या दिवशी मी केला नाही.

मारित्सा नदीच्या पलीकडे एका छापखान्यात
चाळीस वर्षं त्यांनी खिळे जुळवले.
शिशाची अक्षरं, उलटी,
नखाने चाचपून खाचेत बसवायची.
दोन अक्षरांत कागदाची कपची सरकवायची,
एवढीशी, म्हणजे शब्दाला श्वास घेता येतो.
आता नजर कडेकडेने विझत आलीय.
"समास गेले," ते सांगतात,
"मजकूर थोडा उरलाय मधोमध."

मग ते मंगळवारी यायला लागले, काही घ्यायचं नसलं तरी.
एकदा खिशातून वेफरचं वेष्टन काढलं,
इस्त्री केल्यासारखं सपाट.
"आमच्या 'व'चा दांडा ओळीच्या वर डोकावतो,
शाळेत हात वर करणाऱ्या पोरासारखा.
यांनी त्याला खाली बसवलंय."
मी लहानपणापासून तोच वेफर खाते.
पोराचा हात खाली गेलेला मला कळलाच नव्हता.

त्यांची बायको झ्द्राव्का दारात उभी राहून वैतागते:
हा माणूस मीठ चव बघून घेत नाही, अंतर बघून घेतो!
निळ्या पिशवीवर एकच शब्द, सोल,
खाली उरलेली सगळी पिशवी रिकामी.
"ती रिकामी नाहीये," ते म्हणतात,
"तिथे मीठ आहे."

यावर मी हसले. रात्री घरी दह्याचं झाकण सोलताना
मात्र थांबले.
तारीख काठाला, वळणाबरोबर हलकेच वाकलेली,
गाईच्या शिंगाला धक्का न लावता.
कुणीतरी ती केसभर डावीकडे घेतली असेल,
मग परत उजवीकडे,
मग दिवा बंद करून जेवायला गेलं असेल.
झाकणावर त्याचं नाव नाही.
मी ते धुऊन खिडकीत वाळत ठेवलं.
का, ते आईला सांगता आलं नाही.

आता पट्टी लावण्याआधी मी खोक्यावरून बोट फिरवते.
रांगेतल्यांना वाटतं, बाई धूळ पुसतेय.
गर्दीत विसरतेही; खोटं कशाला बोलू.

काल थेंब दुसऱ्या कंपनीचे आले.
चारही बाजूंना ठिपकेच ठिपके,
बोटाएवढी मोकळी जागा नाही.
"मग बाटलीवर लावा," ल्यूबेन म्हणाले.
बाटली अंगठ्याएवढी.
पट्टी कापून निम्मी केली, बारीक लिहिलं,
शेवटचा शब्द कडेला जाऊन चेंगरला.

झ्द्राव्काने चष्मा आणला नव्हता.
त्यांना तर ते दिसणारच नव्हतं.
मागे चौघं खोळंबलेली, एक मूल रडत होतं.
मी ती पट्टी सोलून काढली
आणि पुन्हा लिहायला घेतली.